चुलीत उरलेला कोळसा कोणत्या खात्यावर जमा करायचा?

प्रश्न विचारणारे वागळे इस्टेटमध्ये नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी शहापूर तालुक्यातल्या दोन-तीन पाड्यांवर महिला बचतगटाबरोबर काम करतात. गटाने पंखा असलेल्या, वरून पेटवायच्या गॅसिफायर चुली घेतल्या. प्रत्येक स्वयंपाकानंतर चुलीत कोळसा उरतो. प्रयोगशाळेच्या अहवालात कार्यक्षमतेचे, म्हणजे इंधनातली किती ऊर्जा पातेल्यापर्यंत पोचते त्याचे, दोन आकडे आहेत, ३० टक्के आणि ४५ टक्के. पुरवठादाराने पत्रकावर फक्त ४५ छापला आहे. गटाला कोळसा ठाण्यातल्या इस्त्रीवाल्यांना विकायचा आहे, तर एक मध्यस्थ म्हणतो की सरपण वाचल्याचं क्रेडिट आणि कोळशाचं कार्बन क्रेडिट (क्रेडिट म्हणजे हवेत जाणारा कार्बन कमी केल्याचं, विकता येणारं प्रमाणपत्र) अशी दोन्ही मिळतील. शिवाय गोण्यांतून येणाऱ्या मालात राख आणि तपकिरी अर्धवट जळलेल्या काटक्याही असतात, तर त्यातलं ‘कोळसा’ म्हणून नेमकं काय मोजायचं, असा प्रश्न आहे.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. ३० आणि ४५ दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सरपण किती वाचलं हे मोजायला ३० वापरा. कोळसा म्हणजे जो विझवून, राख चाळून, कोरडा करून काट्यावर ठेवता येतो आणि ज्याचं पुढे काय झालं हे सांगता येतं तेवढाच. आणि मध्यस्थ म्हणतो तशी एकाच कोळशावर दोन क्रेडिटं घेऊ नका.

आता आकड्यांकडे वळू. तुमच्या अहवालातले नेमके वजनाचे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून तशाच निकालाचं एक उदाहरण मांडतो.

चुलीत १ किलो लाकडाच्या ढलप्या भरल्या, ओलावा १० टक्के. म्हणजे कोरडं लाकूड ९०० ग्रॅम. कोरड्या लाकडाचं उष्णतामूल्य किलोला साधारण १८.५ मेगाज्यूल धरलं आणि १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता वजा केली, तर चुलीत साधारण १६.४ मेगाज्यूल ऊर्जा गेली. पातेल्यातल्या पाण्यापर्यंत त्यातली ५ मेगाज्यूल पोचली. ज्योत संपली तेव्हा तळाशी १८० ग्रॅम कोळसा उरला. किलोला २९ मेगाज्यूल धरले तर त्यात ५.२ मेगाज्यूल अजून शिल्लक आहेत. म्हणजे पातेल्यात गेली त्याहून किंचित जास्तच ऊर्जा कोळशात बसून राहिली आहे.

या एकाच चाचणीतून तीन आकडे निघतात. ५ भागिले १६.४ केलं की ३० टक्के. कोळशातली ऊर्जा ‘खर्चच झाली नाही’ म्हणून छेदातून वजा केली, ५ भागिले ११.२, की ४५ टक्के. आणि कोळसा हेही चुलीचं उत्पादनच आहे म्हणून तो वर अंशात मिळवला, १०.२ भागिले १६.४, की ६२ टक्के. चूल तीच, लाकूड तेच, पाणीही तेवढंच तापलेलं. तिसरा आकडा तुमच्या अहवालात नाही हे प्रयोगशाळेचं शहाणपण. काही पत्रकांवर मात्र तोही दिसतो आणि त्याला ‘एकूण कार्यक्षमता’ असं भारदस्त नाव दिलेलं असतं.

२०१८ मध्ये आलेल्या आयएसओ १९८६७-१ या मानकाने हा गोंधळ बऱ्यापैकी सोडवला. कोळशाची सवलत, म्हणजे वरची छेदातली वजाबाकी, न देता एक कार्यक्षमता आणि सवलत देऊन दुसरी, असे दोन्ही आकडे ते वेगवेगळे मागतं. शिवाय टाकलेल्या इंधनाच्या वजनातला किती हिस्सा कोळसा झाला आणि ऊर्जेतला किती, हेही वेगळं दाखवायची सोय त्यात आहे. त्याआधीच्या वॉटर बॉइलिंग टेस्टमध्ये, म्हणजे पाणी उकळून चूल तपासायच्या पद्धतीत, कोळशाची ऊर्जा इंधनातून वजा करूनच हिशेब व्हायचा, त्यामुळे जुन्या अहवालांत एकच आकडा असतो आणि त्यात सवलत मुरलेली असते. जुना अहवाल नव्याशी ताडून पाहताना हे विसरलात तर उगाच वाटेल की नवी चूल वाईट निघाली.

एरवी हा पंधरा टक्क्यांचा फरक किरकोळ म्हणून सोडूनही दिला असता, पण याच फरकावर चूल पास की नापास ते ठरतं. भारतीय मानक आयएस १३१५२ मध्ये साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्के कार्यक्षमता लागते. तुमची चूल पंख्याची आहे. ३० ने ती उंबरठ्याच्या बाहेर राहते, ४५ ने आरामात आत येते. आंतरराष्ट्रीय श्रेणींमध्येही ३० च्या पुढे तिसरी आणि ४० च्या पुढे चौथी पायरी आहे. पुरवठादाराने कोणता आकडा का छापला, हे वेगळं सांगायला नको. त्याला लेखी विचारा: हा आकडा कोळशाची सवलत धरून आहे की न धरता?

वजाबाकीची पद्धत मुळात चूक नाही, हेही सांगायला हवं. मुलाला पाचशेची नोट देऊन वाण्याकडे पाठवलं आणि दीडशे रुपये परत आले, तर खर्च साडेतीनशेच झाला. पण ते दीडशे खरंच घरी आले पाहिजेत. वाटेत कुल्फीत गेले तर खर्च पाचशे. प्रयोगशाळेचा ४५ हा आकडा दीडशे परत आलेच असं समजून काढलेला असतो. पाड्यावर ते परत येतात की नाही, हे प्रयोगशाळेला कळायचा मार्गच नाही.

आणि घरी तसं बहुतेक वेळा होत नाही. या चुलीचं काम कसं चालतं ते पाहा. ढलप्या भरून वरून पेटवतात. आग खाली सरकत जाते, खालून येणारी हवा मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे लाकडातला वायू निघून वर जातो आणि तोंडाशी मिळणाऱ्या दुसऱ्या हवेत जळतो. मागे कोळसा राहतो. आग तळाला पोचली की पिवळी ज्योत बसते आणि बारीक निळसर ज्योत दिसायला लागते. तिथे लाकूड संपलं, आता कोळसा जळतोय. प्रयोगशाळेत त्याच क्षणी चूल उचलून रिकामी करतात, कोळसा झाकून विझवतात, वजन करतात.

पाड्यावरची बाई त्या क्षणी काय करते? भात झालेला असतो, कालवण अजून व्हायचं असतं. ती त्याच निखाऱ्यांवर कालवण ठेवते, नाहीतर सुकट भाजते, दूध तापवते. वीस-पंचवीस मिनिटांत कोळशाची राख होते. यात तिचं काहीच चुकलेलं नाही, उलट ऊर्जा वायाच गेली नाही. पण त्या दिवशी कोळसा शून्य. मग त्या घराच्या नावावर १८० ग्रॅम जमा करणं आणि वर ४५ टक्क्यांची चूलही म्हणणं हा कागदावरचा खेळ होतो. शिवाय पंखा चालू ठेवून कोळसा जाळला की जाळी तापून लवकर खराब होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून कोळसा काढून घ्यायची सवय लावायची असेल तर तिला दुसरी सोय द्यावी लागेल: मंद आचेच्या कामाला एक साधी लोखंडी शेगडी, किंवा चुलीचं ढलप्या भरायचं दुसरं भांडं. नुसतं ‘ताई, निखारे विझवा’ म्हणून भागत नाही.

सरपणाच्या बचतीचा हिशेब ३० वर का करायचा, ते याच उदाहरणातून दिसेल. पातेल्यात ५ मेगाज्यूल पोचवायला १० टक्के कार्यक्षमतेच्या तीन दगडांच्या चुलीला साधारण ३ किलो लाकूड लागतं. नव्या चुलीला १ किलो. बचत २ किलो. ४५ टक्के धरले तर नवी चूल जणू ६८० ग्रॅममध्येच काम करते आणि बचत २.३ किलो दिसते. हे जादाचे ३२० ग्रॅम लाकूड कुणीही वाचवलेलं नाही, ते बाईने डोक्यावरून आणलं आणि चुलीत घातलं. आता पाड्यावरची मातीची चूल जरा बरी, १५ टक्क्यांची असेल तर? मग जुनी चूल २ किलो खाते, खरी बचत १ किलो आणि कागदावरची १.३. म्हणजे आधीची चूल जितकी बरी तितका या फुगवट्याचा वाटा मोठा.

आणि जुनी चूलही कोळसा सोडते, ही गोष्ट हमखास विसरली जाते. चुलीतला विस्तव बाजूला ओढून राखेत पुरून ठेवणं, सकाळी त्यावरच पुन्हा आग करणं, किंवा पाणी मारून निखारे साठवणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. नव्या चुलीला कोळशाची सवलत द्यायची आणि जुनीला नाही, तर तुलनाच तिरकी झाली. दोघींना द्या किंवा दोघींना नको.

आता कोळसा म्हणजे काय, या तुमच्या सगळ्यात चांगल्या प्रश्नाकडे. गोणीत तीन प्रकारचा माल येतो. एक, अस्सल कोळसा. दोन, कोलीत, म्हणजे बाहेरून काळी आणि आतून तपकिरी लाकडं. तीन, राख आणि तिच्यात मिसळलेला बारीक चुरा.

कोलीत ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुकडा मोडा. कोळसा कटकन तुटतो, आतपर्यंत काळा असतो, पडला तर किंचित ठणठणीत वाजतो. कोलीत वाकतं, चिरफळतं, आत तपकिरी गाभा दिसतो, आणि तव्यावर तापवलं की पिवळट धूर सोडतं. ते कोळशात मोजायचं नाही. पुढच्या खेपेला चुलीत घालायचं. उरलेलं इंधन म्हणून वजा करायला हरकत नाही, पण लाकडाच्या उष्णतामूल्याने, कोळशाच्या नव्हे. ढलप्या खूप जाड असल्या किंवा पावसाळ्यात ओल्या असल्या की कोलितांचं प्रमाण वाढतं. एका गोणीत फार कोलीत निघालं तर बाईला दोष देण्याआधी तिच्या ढलप्यांची जाडी बघा. अंगठ्याएवढी असावी.

राखेचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे. चाळणीने सुटी राख जाते, पण कोळशाच्या आत अडकलेली जात नाही. लाकडात राख जेमतेम एखादा टक्का असते, त्यामुळे लाकडाच्या कोळशात ती चार-पाच टक्क्यांवर जात नाही आणि किलोला २९ मेगाज्यूल हा आकडा चालून जातो. पण शहापूर-मुरबाडकडे भाताच्या गिरण्या आहेत, तूस फुकट किंवा स्वस्त मिळतं, आणि कुणीतरी लवकरच विचारणार की तूस किंवा तुसाच्या गोळ्या चालतील का. तुसात वीस टक्क्यांच्या आसपास राख असते. वायू निघून गेल्यावर उरलेल्या काळ्या मालात निम्मी राख बसते. दिसायला काळाभोर, वजनाला भरपूर, पण ऊर्जा किलोला सतरा-अठरा मेगाज्यूल. त्याला २९ ने गुणलं तर कार्यक्षमतेचा आकडा आभाळाला भिडेल. म्हणून इंधन बदललं की एक नमुना तपासणीला द्यायचाच: ओलावा, बाष्पनशील पदार्थ, राख आणि उरलेला स्थिर कार्बन. दगडी कोळशाची ही तपासणी आयएस १३५० च्या पहिल्या भागाप्रमाणे होते आणि ती करणाऱ्या प्रयोगशाळा नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात सापडतील. लाकडी कोळशासाठी एएसटीएम डी १७६२ ही अमेरिकी मानक पद्धत मागा. त्यात बाष्पनशील भाग ९५० अंशांवर आणि राख ७५० अंशांवर काढतात. दोन नमुने दोन वेगळ्या पद्धतींनी तपासून आकडे शेजारी शेजारी ठेवू नका.

तिसरी भानगड पाण्याची. निखारे पाणी मारून विझवले की कोळसा पाणी पितो. न मारता झाकण लावून विझवले तरी आपल्याकडची जून ते सप्टेंबरची हवा त्याला ओलावा देतेच. कोळसा छिद्राछिद्रांचा असतो, गोणीत ठेवला की हवेतला दमटपणा ओढतो. त्यात गट वजनावर पैसे देणार असेल तर पाणी थोडं सढळ हाताने पडणारच. वखारीत आयुष्य काढलेला कुणीही हे तुम्हाला सांगेल. माझा सल्ला: पाड्यावर खरेदी वजनाने करूच नका, मापाने करा. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, न दाबता, एकदा हलवून, काठोकाठ. ओला कोळसा जड होतो, पण मोठा होत नाही. कोरड्या कोळशाचा एक डबा किती भरतो, ते प्रत्येक इंधनासाठी एकदा ठरवून घ्या. मग काट्यावरचं भांडण मिटतं आणि हिशेबात कोरडं वजन आपोआप येतं. बारीक चुरा करून डबा गच्च भरायची युक्ती काही महिन्यांत निघेल. तेव्हा चाळणीवर उरलेला मालच डब्यात, हा नियम करा.

विझवण्याबद्दल अजून एक. वरून थंड वाटलेला ताजा कोळसा गोणीत भरून घराच्या कोपऱ्यात ठेवू नका. आत एक निखारा जिवंत असला तर रात्रीत गोणी पेटते. तसं नसलं तरी ताजा कोळसा हवेतला प्राणवायू ओढून स्वतःच तापू शकतो. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात एक दिवस ठेवायचा, मगच गोणीत. आणि थंडीत शेकायला म्हणून बंद खोलीत हा कोळसा पेटवू नये, हे प्रत्येक घरात सांगा. धूर दिसत नाही म्हणून लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नाही.

एवढं झालं की तुमच्याकडे तीन वेगळी वजनं तयार होतात: चूल देऊ शकते तेवढा कोळसा, घरात खरोखर विझवून काढलेला कोळसा, आणि गटाच्या वखारीत जमा झालेला कोळसा. पहिलं प्रयोगशाळेचं, दुसरं घराचं, तिसरं वहीतलं. पैसे आणि क्रेडिट फक्त तिसऱ्यावर. पहिला आणि तिसरा आकडा यांतली तफावत पाहून निराश होऊ नका. ती तफावत म्हणजेच तुमच्या कामाची खरी माहिती.

मग जमा झालेल्या कोळशाचं काय करायचं? इथे दोन वाटा फुटतात आणि तुमचा मध्यस्थ दोन्हीवर एकदम चालायला सांगतोय.

पहिली वाट जाळायची. इस्त्रीवाल्यांना विकला तर तो त्यांच्या नेहमीच्या कोळशाची जागा घेतो. तो नेहमीचा कोळसा मातीच्या भट्टीत झाला असेल आणि भट्टीत पाच किलो लाकडाचा एक किलो कोळसा होत असेल, तर तुमच्या १८० ग्रॅममागे ९०० ग्रॅम लाकूड दुसरीकडे कुठेतरी वाचलं. भट्टीत लाकडातला वायू हवेत सोडला जातो, तुमच्या चुलीत त्याच वायूवर भात शिजला. या चुलींचं खरं कौतुक इथे आहे आणि ते कार्यक्षमतेच्या कुठल्याच आकड्यात मावत नाही. पण यासाठी दाखवावं लागेल की इस्त्रीवाल्याने खरंच तेवढा बाभळीचा कोळसा कमी घेतला. आणि तो घेईलच असं गृहीत धरू नका. ढलप्यांचा कोळसा हलका, भरकन पेटणारा आणि लवकर संपणारा. इस्त्रीत त्याची राख उडते, पांढऱ्या शर्टावर पडते आणि गिऱ्हाईक जातं. त्याला ठोकळे लागतात. तलावपाळीवरचे कणीसवाले मात्र खूश होतील, त्यांना भरकन पेटणाराच हवा असतो, पण त्यांचा हंगाम पावसाळ्यापुरता. इस्त्रीचं गिऱ्हाईक हवं असेल तर चुरा करून खळ घालून कांड्या पाडाव्या लागतील. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याच्या कामासाठी २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे हे तंत्र आपल्याकडे नवं नाही, माणसं भेटतील.

दुसरी वाट पुरायची. कोळसा मातीत गेला की त्यातला बराचसा कार्बन शतकभर टिकतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत शंभर वर्षांनी उरणारा हिस्सा तापमानावर बांधला आहे: ३५० ते ४५० अंशांत झालेल्या कोळशाला ६५ टक्के, ४५० ते ६०० ला ८० टक्के आणि त्यावर ८९ टक्के. या प्रकारच्या चुली बहुधा मधल्या किंवा वरच्या गटात पडतात, पण बहुधावर भागत नाही. नमुन्यातलं हायड्रोजन आणि कार्बनचं अणुगुणोत्तर तपासून घ्या. ०.७ च्या वर गेलं तर युरोपीय प्रमाणपत्राच्या भाषेत तो बायोचार, म्हणजे मातीत टिकणारा कोळसा, नाहीच. ०.४ च्या खाली असेल तर उत्तम. आणि ‘गॅसिफायर’ या नावावरून कुणी तुमच्या कोळशाला आयपीसीसीच्या तक्त्यातल्या गॅसिफिकेशनच्या ओळीत घातलं तर हरकत घ्या. मोठ्या गॅसिफायरमध्ये कोळसाही बराच जळतो म्हणून त्या ओळीतला कार्बन कमी धरलेला आहे. तुम्ही तो जळण्याआधीच काढता. वादापेक्षा स्वतःच्या नमुन्याचा आकडा दाखवलेला बरा.

यातून मिळतं किती? एका घरातून रोज २०० ग्रॅम कोरडा कोळसा, वर्षभर न चुकता, म्हणजे ७३ किलो. कार्बन ७५ टक्के धरला तर ५५ किलो. त्याचा ८० टक्के टिकणारा भाग ४४ किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलायला ४४ भागिले १२ ने गुणा: साधारण १६० किलो. घरटी वर्षाला एक टनाचा सहावा हिस्सा, तोही एकही दिवस न चुकता. प्रत्यक्षात निम्मा धरा. टनाला दहा हजार रुपये मिळाले असं समजलं तरी घरटी आठशे रुपये, आणि त्यातून तपासणी, पडताळणी, वाहतूक, मध्यस्थ. तोच निम्मा, साडेछत्तीस किलो कोळसा तीस रुपये किलोने विकला तर अकराशे रुपये, आणि ते तिसऱ्या दिवशी हातात. हे भाव मी सोयीसाठी धरलेत, तुमचे घालून पाहा. पण चित्र फारसं बदलणार नाही.

सरपण कुठून येतं याचाही प्रश्न पुरण्याच्या वाटेवर उभा राहतो. क्रेडिटांची नोंदणी करणाऱ्या व्हेरा या संस्थेची व्हीएम ००४४ ही बायोचारची पद्धत फक्त टाकाऊ जैवमालाला चालते. जंगलातून तोडून आणलेल्या लाकडाचा कोळसा त्यात बसत नाही. आणि तोडलेलं झाड पुन्हा वाढणार नसेल तर त्याचा कोळसा मातीत पुरून हवेतला कार्बन कमी होतही नाही. येऊरच्या बाजूला काम वाढवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं सरपण कुठल्याही कागदावर दाखवता येणार नाही. त्यापेक्षा पावसाळ्याआधी ठाणे आणि नवी मुंबई महापालिका रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटतात, त्या मागून बघा. कोरडं, टाकाऊ, नोंद असलेलं लाकूड. ढलप्या कराव्या लागतील एवढंच.

शेतात टाकायचाच असेल तर भाताच्या राबाचा क्रम सांभाळा. राब भाजायच्या आधी कोळसा पसरला तर तो राबाबरोबर जळून जाईल. भाजून झाल्यावर, शेणखतात किंवा गोमूत्रात आठ-पंधरा दिवस मुरवून मग टाका. कोरा कोळसा टाकला तर पहिल्या हंगामात तोच नत्र धरून बसतो आणि रोपं पिवळी पडतात. मग त्या शेतकऱ्याला दुसऱ्यांदा सांगायला जाता येत नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारून एका वाफ्यावर आधी करून बघणं शहाणपणाचं.

आता मध्यस्थाचं ‘दोन्ही क्रेडिटं’. तत्त्वतः सरपणाच्या बचतीचं एक आणि पुरलेल्या कोळशाचं दुसरं असं दोन वेगळ्या खात्यांत जमा करता येतं. पण मग बचत ३० टक्क्यांनी मोजायची, कारण कोळशातली ५.२ मेगाज्यूल ऊर्जा तुम्ही मातीत घातली, ती परत आलेली नाही. मध्यस्थ बचत ४५ ने मोजतो आणि तोच कोळसा पुन्हा पुरल्याचंही दाखवतो. त्याच्या कागदात ही एकच ओळ शोधा. आणि कोळसा इस्त्रीवाल्याला गेला असेल तर पुरल्याचं क्रेडिट अर्थातच शून्य.

चुलींच्या क्रेडिटचा बाजार आधीच बदनाम आहे. २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त आलेल्या बर्कलीच्या संशोधकांच्या अभ्यासाने तपासलेल्या चूल-प्रकल्पांची क्रेडिटं खऱ्या परिणामाच्या सुमारे ९ पट फुगवलेली आहेत असं म्हटलं. चुली वापरात किती, जुनी चूल शेजारी चालूच आहे का, लाकूड किती प्रमाणात पुन्हा न वाढणारं आहे, अशी सगळी गृहीतकं सैल धरली की हे होतं. त्यानंतर खरेदीदार सावध झालेत. कोळशाचं दुहेरी जमाखातं त्यांच्या पहिल्याच तपासणीत सापडेल आणि नाव गटाचं जाईल, मध्यस्थाचं नाही.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष क्रेडिटच्या नादी लागू नका. कोळसा विका, वही नीट ठेवा. वहीत प्रत्येक खेपेला तारीख, घर, इंधन, किती डबे, कोलीत वेगळं काढलं का, आणि माल कुणाला गेला एवढं लिहा. विकलेल्या आणि पुरलेल्या मालाची पानं वेगळी, गोण्यांना वेगळ्या रंगाची सुतळी. महिन्यातून एकदा सरमिसळ नमुना हवाबंद डब्यात भरून ठेवा, तपासणी दोन-तीन महिन्यांची एकत्र केली तरी चालेल. चार-पाच घरांत आठवडाभर सरपणाचं वजन करून बघा, आधीची चूल आणि नवी दोन्हींवर, आणि तेही एकदा उन्हाळ्यात व एकदा पावसाळ्यात. पुरवठादाराला पत्र लिहाल तेव्हा अहवालाचं ते पान जोडा ज्यावर कोळशाचं वजन आणि त्यासाठी धरलेलं उष्णतामूल्य छापलेलं असतं. ते पान अहवालातच नसेल तर प्रयोगशाळेकडे मागा. त्याशिवाय ३० आणि ४५ या आकड्यांची पडताळणी कुणालाच करता येणार नाही.